जहाज सुटण्याच्या दिवशीच विमान : अमळनेरच्या एका कुटुंबाचे मुंबई–गोवा नियोजन

पार्श्वभूमी

हे प्रकरण गेल्या हिवाळ्यातले आहे. अमळनेरच्या एका कापूस व्यापारी कुटुंबाने आजींच्या पंचाहत्तरीनिमित्त मुंबईहून गोव्याला जहाजाने जायचे, गोव्यात स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेऊन तीन दिवस राहायचे आणि मोपा विमानतळावरून थेट जळगावला परतायचे, असा बेत केला होता. आजी, काका, काकू, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात अशी सहा माणसे होती. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील गाळले आहेत. मी जळगावात प्रवासाच्या आखणीचे काम करतो आणि या प्रवासाची आखणी माझीच होती, त्यामुळे पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यातल्या काही माझ्या आहेत.

जहाज शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणार होते. चढण्याची वेळ दुपारी साडेबारा ते साडेतीन होती आणि साडेतीननंतर कोणालाही घेतले जाणार नाही, असे तिकिटावर स्पष्ट छापलेले होते. जहाज वाटेत कुठेही न थांबता सोमवारी सकाळी मुरगाव बंदरात लागणार होते. मधली बंदरे असलेल्या सफरीत सुरुवातीचे बंदर हुकले तरी कधी कधी पुढच्या बंदरावर गाठता येते, या सफरीत ती सोय नव्हती. मुंबई हुकली की सगळीच सफर हुकणार होती आणि वेळेवर न पोचलेल्या प्रवाशाला पैसे परत मिळणार नव्हते.

आजींच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. रात्रभर गाडीत बसणे त्यांना झेपत नाही आणि रेल्वेच्या डब्यात चढ-उतार करणेही जड जाते. म्हणून शनिवारी सकाळी जळगावहून विमानाने मुंबई गाठायची आणि त्याच दुपारी जहाजात बसायचे, हा पर्याय घरात सर्वांनाच सोयीचा वाटला.

अडचण नेमकी कुठे होती

कागदावर हिशेब जमत होता. विमान सकाळी अकरा वीसला सुटून बारा चाळीसला उतरणार, सामान मिळायला अर्धा-पाऊण तास, आणि विमानतळापासून बॅलार्ड पिअरपर्यंतच्या सुमारे पंचवीस किलोमीटरला शनिवार दुपारच्या रहदारीत सव्वा ते दीड तास. म्हणजे फार तर तीनला पाच मिनिटे असताना माणसे बंदराच्या दारात आणि हाती पस्तीस मिनिटे शिल्लक. भुयारी मेट्रोने हे अंतर लवकर कापता येते, परंतु गुडघेदुखीच्या आजी, लहान मूल आणि पाच मोठ्या बॅगा घेऊन ते करण्याचा विचार मी सोडून दिला होता.

पस्तीस मिनिटे कमी आहेत हे तर उघड होते, पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची होती. मुंबई ते दिल्ली अशा मार्गावर एक विमान चुकले तर तासा-दोन तासांनी दुसरे असते. जळगावला तसे नाही. कुसुंब्याच्या आपल्या विमानतळावर सत्तर-बहात्तर आसनांचे छोटे एटीआर विमान येते, तेच प्रवासी घेऊन परत जाते, आणि ते रद्द झाले किंवा रखडले तर त्या दिवशी मुंबईला जाणारे दुसरे विमान नसते. हिवाळ्यात सकाळी धुके असले की येणारे विमानच उशिरा निघते आणि आपल्याकडे आकाश निरभ्र असूनही प्रवासी बसून राहतात. अशा वेळी सकाळी नऊला बातमी कळली तर रस्त्याने निघून उपयोग नसतो, कारण जळगाव ते मुंबई हे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर सामान आणि वृद्ध माणसासह आठ-नऊ तासांचे आहे.

म्हणजे विमान बिघडल्यावर वापरता येईल असा दुसरा मार्ग शनिवारी सकाळी उरतच नव्हता. तो शुक्रवारी रात्री सुटणाऱ्या रेल्वेत होता, आणि रेल्वेत बसायचे की नाही हे विमानाची खरी स्थिती कळण्याच्या आधीच ठरवावे लागणार होते. खान्देशातून त्याच दिवशी मुंबई गाठून पुढचा प्रवास धरणाऱ्या प्रत्येकाची अडचण हीच असते, असे माझे मत आहे. म्हणून शनिवारची सकाळ कशी जाईल यापेक्षा शुक्रवारच्या संध्याकाळी हातात काय असेल, यावर मी नियोजनात भर द्यायला हवा होता, आणि तो पुरेसा दिला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय एक दिवस आधी विमानाने जाण्याचा होता. शुक्रवारी विमान नव्हते आणि गुरुवारी जायचे तर मुंबईत सहा माणसांचे दोन रात्रींचे हॉटेल घ्यावे लागले असते, म्हणून काकांनी तो नाकारला.

दुसरा पर्याय रात्रीच्या रेल्वेचा. विदर्भ एक्सप्रेस रात्री उशिरा जळगावला येते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. या पर्यायाची एक जमेची बाजू घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. विमानतळावरून बंदर पंचवीस किलोमीटर दूर आहे, तर या स्थानकापासून ते जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. गाडी दोन-तीन तास रखडली तरी माणसे दुपारच्या आधी बंदराजवळच असतात. अमळनेरहून मुंबईला जाणारी खान्देश एक्सप्रेस घरापासून सर्वात सोयीची, पण ती रोज धावत नाही आणि आमच्या तारखेला नव्हती.

तिसरा पर्याय शुक्रवारी दिवसाउजेडी रस्त्याने निघून मुंबईत मुक्काम करण्याचा होता. तो सर्वात सुरक्षित होता असे मला आजही वाटते, पण शुक्रवारी मुलाला कार्यालयातून सुट्टी नव्हती.

शेवटी शनिवारच्या विमानाची सहा तिकिटे काढली आणि माझ्या आग्रहावरून विदर्भ एक्सप्रेसची थ्री एसीची तिकिटेही काढून ठेवली. हे आम्ही प्रवासाच्या तीन आठवडे आधी केले. तोवर चारच बर्थ निश्चित मिळाले आणि दोन प्रतीक्षा यादीत गेले. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. जहाजाचे तिकीट अडीच महिने आधी काढलेले होते. त्याच वेळी रेल्वेचा विचार केला असता तर सहाही बर्थ मिळाले असते. ‘राखीव म्हणून ठेवतोय, चार तर चार’ असे म्हणून मी ते सोडून दिले. ही चूक पुढे महागात पडली. चार बर्थचा एकूण खर्च तीन हजारांच्या आत होता, आणि आजी, काकू, सून व नात यांची नावे त्यांवर घातली, एवढे मात्र बरे केले.

रेल्वेने जायचे की विमानाची वाट पाहायची हे शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत पक्के करायचे, असेही मी काकांना लिहून दिले होते. त्या वेळी ते त्यांना अनाठायी वाटले.

शुक्रवारची संध्याकाळ

शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला विमान कंपनीचा संदेश आला की उद्याचे विमान अकरा वीसऐवजी पावणेदोनला सुटेल. म्हणजे मुंबईत उतरायला तीन पाच. त्यानंतर पंचवीस मिनिटांत बंदर गाठणे अशक्य होते, हे कोणालाही कळले असते. तरीही पुढचा सव्वा तास घरात एकमत झाले नाही, आणि तो तास मला तपशीलाने सांगावासा वाटतो, कारण अशा प्रसंगी माणसे याच टप्प्यावर वेळ घालवतात.

काकांचे म्हणणे असे होते की वेळ बदलली तशी ती पुन्हा अलीकडे येऊ शकते आणि जहाजवालेही थोडे थांबतील. त्यांनी जहाजाच्या कार्यालयात फोन लावला. प्रवाशांची अंतिम यादी बंदरात द्यावी लागते, त्यामुळे साडेतीनची वेळ कोणासाठीही पुढे जाणार नाही, असे उत्तर मिळाले. मग नुकसानभरपाईचा विषय निघाला. यातला नियम मी त्यांना समजावून सांगितला. देशांतर्गत विमान आयत्या वेळी रद्द झाले आणि हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे उड्डाणाच्या कालावधीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. विमानाला दोन-अडीच तास उशीर होत असेल तर प्रवाशाला मिळतो तो अल्पोपाहार. जहाजाच्या हुकलेल्या तिकिटाशी विमान कंपनीचा काहीही संबंध येत नाही, कारण ती दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतात. सहा माणसांच्या सफरीचे पैसे अडकलेले असताना कायद्याने हातात पडणार होता तो चहा-नाश्ता, हे ऐकल्यावर काका गप्प झाले.

निर्णय मात्र आजींनी केला. त्या आतल्या खोलीतून अहिराणीत म्हणाल्या, “इमान उनं ते चांगलं, नही उनं ते मंग काय करशात?” (विमान आलं तर चांगलं, नाही आलं तर मग काय कराल?) आणि त्यांनी स्वतःची पिशवी भरायला घेतली.

चार जणींचा प्रश्न बर्थमुळे सुटला होता. काका आणि मुलगा यांची प्रतीक्षा यादीतली तिकिटे निश्चित झाली नाहीत. एसी तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडते, म्हणजे ती संधी गुरुवारीच गेली होती. खासगी बसमध्ये शनिवार-रविवारच्या गर्दीमुळे जागा नव्हती. सहाही जणांनी एकाच गाडीतून रात्री निघावे असेही सुचवले गेले, पण आजींच्या गुडघ्यांमुळे ते बाजूला ठेवले. शेवटी ओळखीच्या चालकाची गाडी ठरवून दोघांनी सगळे मोठे सामान घेऊन रस्त्याने जायचे ठरले.

रात्रभर सलग चालवायचे नाही, ही अट मी घातली आणि ती पाळली गेली. चांदवडजवळचा राहूड घाट आणि पुढचा कसारा घाट मध्यरात्रीनंतर थकलेल्या चालकाच्या हाती देणे मला मान्य नव्हते, आणि सकाळी दहापर्यंत पोचले तरी चालणार होते. गाडी रात्री साडेआठला निघाली, धुळे-मालेगावमार्गे एकच्या सुमारास नाशिकला पोचली. तिथे नातेवाइकांकडे चालकासह सर्वजण साडेचार तास झोपले. पहाटे निघून इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरला, आमण्याला बाहेर पडले आणि ठाण्यामार्गे पूर्व मुक्त मार्गाने साडेनऊच्या पुढे बंदराच्या परिसरात आले. हा मुक्त मार्ग पी. डि’मेलो रस्त्यावर उतरतो आणि तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर आहे.

रेल्वे सव्वा तास उशिराने आठच्या सुमारास मुंबईत पोचली. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. वातानुकूलित प्रतीक्षालयात आजींचे पाय बॅगेवर ठेवून, नातीला भरवून, त्यांनी साडेअकरापर्यंतचा वेळ काढला. साडेबाराला सहाही माणसे जहाजाच्या रांगेत उभी होती. संध्याकाळी कळले की ते विमान मुंबईत तीन पन्नासला उतरले. मात्र ते वेळेवर उतरले असते तरी शुक्रवारचा निर्णय योग्यच ठरला असता, असे मी काकांना सांगितले. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर दुसरा निर्णय घेता येत नव्हता.

गोव्यातील गाडी

गाडीचे आरक्षण मुलाने स्वतः मोबाइलवरून केले होते. सात आसनी गाडी सोमवारी सकाळी नऊला मुरगाव बंदरात मिळेल असे ठरले होते. यात तीन गोष्टी जुळल्या नाहीत.

जहाज सकाळी लागले तरी प्रवासी लगेच उतरत नाहीत. सामानाच्या चिठ्ठ्यांप्रमाणे मजल्यामजल्याने सोडतात, आणि या कुटुंबाला बॅगा हातात यायला दहा चाळीस झाले. बंदर सीआयएसएफच्या पहाऱ्यातले असल्याने गाडीवाल्याला आत येता आले नाही आणि सर्वांना दरवाज्याबाहेर चालत जावे लागले.

तिथे उभ्या असलेल्या गाडीला पांढरी पाटी होती. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरे पिवळी. पांढरी पाटी म्हणजे कोणाची तरी खासगी गाडी, आणि ती भाड्याने देणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. मुलाने मला फोन केला तेव्हा आजी बॅगेवर बसल्या होत्या, ऊन चढत होते आणि गाडीवाला ‘इथे सगळे असेच चालते, पोलीस अडवत नाहीत’ असे समजावत होता. काकांनाही ती घ्यावीशी वाटत होती. पोलिसांच्या दंडाची मला चिंता नव्हती. उद्या या गाडीने कोणाला धक्का लागला तर खासगी वापरासाठी काढलेला विमा भाड्याच्या वापरासाठी नाकारला जाऊ शकतो आणि सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर, म्हणजे तुझ्यावर येते, एवढेच मी मुलाला सांगितले. त्याने गाडी घेतली नाही. आगाऊ दिलेल्या दोन हजारांपैकी अर्धे बऱ्याच पाठपुराव्याने परत मिळाले.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, हे पाहुण्यांना आयत्या वेळी कळते. स्थानिक टॅक्सी आणि ‘गोवामाइल्स’सारखी ॲपवरची टॅक्सी हेच मुख्य मार्ग असतात. दोन टॅक्सी करून ते कोलव्याच्या हॉटेलवर गेले आणि हॉटेलच्या मदतीने दुसऱ्या दिवशी काळ्या पाटीची गाडी मिळाली. ती ताब्यात घेताना मुलाने चारही बाजूंचे ओरखडे, टायर आणि इंधनाचा काटा यांचे चित्रीकरण करून गाडीवाल्याला तिथेच पाठवले, त्यामुळे परत देताना अनामत रकमेवरून वाद झाला नाही. सिंधुदुर्गात रेडीच्या गणपतीला जायचा त्यांचा विचार होता. त्या गाडीचे परमिट फक्त गोव्यापुरते होते, म्हणून तो सोडावा लागला.

तिसरी न जुळलेली गोष्ट आसनांची. अर्टिगासारख्या गाडीत तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर मागे २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन लहान बॅगा. सहा माणसे आणि पाच मोठ्या बॅगा त्यात मावत नाहीत. परतीच्या दिवशी काका आणि काकू तीन बॅगांसह वेगळ्या टॅक्सीने मोपाला गेले. कोलव्याहून मोपा सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. दाबोळी विमानतळ मुरगावच्या शेजारीच असल्याने परतीचे विमान तिथूनच आहे असा सुनेचा समज झाला होता, तो मी आदल्या रात्री पुन्हा फोन करून दूर केला. गाडी दक्षिणेत घेऊन उत्तरेत सोडल्याबद्दल वेगळे पैसे द्यावे लागले.

निष्पत्ती

विमान कंपनीच्या स्वतःच्या धोरणात वेळेतील एवढ्या बदलाला पूर्ण परतावा होता, त्यामुळे जाण्याच्या तिकिटांचे पैसे मिळाले. नाशिकमार्गे गेलेल्या गाडीचे भाडे, वाया गेलेला अर्धा आगाऊ आणि शेवटच्या दिवसाची जादा टॅक्सी हा सर्व खर्च अनपेक्षित होता. सफर मात्र पूर्ण झाली आणि आजी दोन्ही रात्री उशिरापर्यंत वरच्या मजल्यावर समुद्र पाहत बसल्या, असे सुनेने मला सांगितले.

पुन्हा ठरवायचे झाले तर

खान्देशातून निघणाऱ्या कुटुंबाला मी आता जहाजाच्या दिवशीचे विमान सुचवत नाही. कोणाला ते हवेच असेल तर जहाजाचे तिकीट काढतानाच रेल्वेची तारीख टिपून ठेवतो आणि साठाव्या दिवशी प्रत्येक माणसाचा बर्थ काढतो, काहींचा नाही. आदल्या संध्याकाळी कोणत्या वेळेला कोण निर्णय घेईल, हे घरातल्या एका माणसाच्या नावाने ठरवून घेतो. त्या शुक्रवारी सातची वेळ ठरलेली होती, पण शब्द कोणाचा चालणार हे ठरले नव्हते, म्हणून सव्वा तास गेला.

गाडीसाठी बंदराचा पत्ता देण्याऐवजी हॉटेलचा द्यावा आणि वेळ दुपारची ठेवावी. पाटीचा फोटो आणि परमिटची प्रत आरक्षणाच्या वेळीच मागावी. गाडी निवडताना माणसांइतक्याच बॅगाही मोजाव्यात. काकांच्या वाहन परवान्याची मुदत संपलेली होती हे गोव्यात पोचल्यावर लक्षात आले आणि गाडी होती तेवढे दिवस ती एकट्या मुलाला चालवावी लागली. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीचा परवाना पाच-पाच वर्षांसाठीच नूतनीकृत होतो, त्यामुळे तो घरीच तपासायला हवा होता.

आणखी एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. शुक्रवारी रात्री अमळनेरच्या घरासमोर एकाच वेळी दोन वाहने उभी होती, एक धरणगावमार्गे जळगाव स्थानकाकडे जाणारे आणि दुसरे धुळ्याकडे जाणारे. सामान घाईने विभागताना आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेतून धुळ्याच्या गाडीत गेला. काकूंना ते रेल्वेत बसल्यावर कळले. सकाळी आठला घ्यायची गोळी आजींना पावणेदहाच्या पुढे, मुलगा बॅलार्ड पिअरवरून धावत स्थानकात आला तेव्हा मिळाली. औषधे आणि ओळखपत्रे ज्याची त्याच्या अंगावर असावीत, हे मी तेव्हापासून प्रत्येक आखणीच्या पहिल्या ओळीत लिहितो.